एका वेळी एकच वाट

इगतपुरीच्या धम्मगिरीवर पहाटे चारला घंटा वाजते. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात जपमाळ, पोथी, गंडेदोरे बाजूला ठेवायचे, मौन पाळायचे, दुसरी कुठलीही साधना मिसळायची नाही. ही शिबिरे सुरू करणाऱ्या सत्यनारायण गोएंकांचा हा दंडक अनेकांना जाचतो.

उलट टोकाला दक्षिणेश्वरचे रामकृष्ण परमहंस (१८३६–१८८६). तंत्र, अद्वैत, इस्लाम, ख्रिस्ती उपासना, सगळे करून पाहिलेले. वाट चांगली ऐसपैस वाटते! पण १८६६मध्ये इस्लामची साधना करताना त्यांनी पेहराव बदलला, अल्लाचे नाव घेतले आणि जिच्यावाचून करमत नसे त्या कालीच्या देवळाकडे फिरकले नाहीत. म्हणजे त्या काळापुरती त्यांचीही वाट अरुंदच.

सकाळी विपश्यना, दुपारी रेकी, रात्री यूट्यूबवर प्रवचन, हा प्रकार या दोघांच्याही पंक्तीत बसत नाही.

म्हणूनच विपश्यना शिबिराच्या अर्जात आधीच्या साधनांची चौकशी असते. तिथे खरे तेच लिहावे.