दुबळ्या चाकाचा कौल

गेल्या श्रावणात आंबा घाट उतरून साखरप्याकडे येताना समोरच्या ट्रकला वाट द्यायला गाडी डावीकडे घेतली आणि पुढचं डावं चाक साइडपट्टीच्या चिखलात रुतलं. उजवं डांबरावर होतं. ॲक्सिलरेटर दाबला की डावं गरगर फिरून लाल चिखल उडवायचं, उजवं जागचं हलायचं नाही. मागून आलेला टेम्पोवाला उतरला. "दादा, रेस नका करू, खड्डा वाढतोय," म्हणत त्याने गोणपाट आणून फिरत्या चाकाखाली सरकवलं. गाडी निघाली. त्याला अनुभवाने ठाऊक होतं ते समजून घ्यायला मला पुढे बरेच दिवस लागले.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. याची सोय करणाऱ्या डिफरन्शियल या गिअर-रचनेचं पेटंट ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२७ साली घेतलं. दोन चाकांचे वेग ते वेगळे होऊ देतं, पण जोर मात्र दोघांना सारखाच वाटतं. सगळी मेख इथेच आहे. चिखलातलं चाक २०० न्यूटन-मीटरच पेलत असेल, तर डांबरावरच्या चाकालाही २००च मिळतात. इंजिनात कितीही ताकद असो, एकूण ४००च्या वर काही जात नाही. निकाल दुबळं चाक देतं.

आपल्याकडे ॲम्बॅसडर आणि पद्मिनी मागच्या चाकांवर चालत. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घरोघरी पोचली. इंजिनाचं वजन पुढच्या चाकांवर असल्याने एरवी पकड चांगली मिळते. पण जोर लावला की भार मागे सरकतो, वळणावर तो बाहेरच्या बाजूला जातो. आतलं पुढचं चाक दोन्हीकडून हलकं होतं, नेमकं जोराची गरज असते तेव्हा.

लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल ही वाटणी बदलतं. व्हर्नन ग्लीझमन या अमेरिकन संशोधकाच्या १९५८च्या पेटंटमधून टॉर्सन नावाचं असं गिअरचं डिफरन्शियल आलं. इंग्लंडच्या क्वाइफ कंपनीच्या रचनेत तिरप्या दात्यांच्या छोट्या गिअरच्या जोड्या असतात. जोर आला की हे गिअर कवचावर दाबले जातात, घर्षण वाढतं आणि पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर जातो. हे प्रमाण अडीचपट धरलं, तर दुबळ्याच्या २०० न्यूटन-मीटरसमोर दुसऱ्याला ५०० मिळतात. ४००चे ७०० होतात. वळणातून बाहेर पडताना बाहेरचं चाक जास्त ढकलतं, म्हणून गाडीचं नाकही वळणाच्या आत ओढलं जातं. १९९५च्या होंडा इंटिग्रा टाइप-आरने हे जगाला दाखवलं. २०० अश्वशक्तीची ती गाडी मला या तंत्राचा सगळ्यात सुंदर नमुना वाटते.

याची किंमत हातांना मोजावी लागते, कारण जोर लावणारी पुढची चाकंच गाडी वळवतात. दोन्हीकडचा जोर असमान झाला की स्टिअरिंग ओढ खातं. फोर्डने २००२च्या फोकस आरएसमध्ये क्वाइफचं डिफरन्शियल बसवलं. खडबडीत रस्त्यावर ती गाडी स्टिअरिंग हिसकावते, अशी तक्रार झाली. २००९च्या ३०५ अश्वशक्तीच्या नव्या आवृत्तीत डिफरन्शियल ठेवून फोर्डने पुढच्या चाकाला धरून वळवणारा सांधाच नव्याने घडवला. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो चाकाच्या मध्याजवळ आणला, त्यामुळे ओढीचा तरफेसारखा होणारा परिणाम घटला. फोक्सवॅगनच्या एक्सडीएसने वेगळी वाट धरली: वळणावर आतल्या चाकाला आपोआप हलका ब्रेक. स्वस्त, पण ब्रेक तापतात.

गिअरच्या डिफरन्शियललाही एक मर्यादा आहे. एक चाक हवेत गेलं की त्याची पकड शून्य, आणि शून्याची अडीचपट शून्यच. अशा वेळी जाणकार डाव्या पायाने हलका ब्रेक दाबतात. हवेतल्या चाकाला ब्रेकचा विरोध मिळतो, त्याच्या अडीचपट जोर दुसरीकडे जातो आणि तिथला ब्रेक वजा करूनही पुढे सरकायला पुरेसा उरतो.

साखरप्याला मी ही युक्ती केली असती तरी उपयोग नव्हता. माझ्या गाडीत साधं डिफरन्शियल. दोन्ही चाकांना वाढलेला जोर तितक्याच ब्रेकमध्ये जिरला असता. तिथे गोणपाटच बरोबर होतं.