ट्यूलिपच्या कंदास थंडी का द्यावी लागते?

थंडीच्या तोंडी रोपवाटिकांतून व टपालाने ट्यूलिपचे कंद विकावयास येतात. वेष्टनावर तांबड्या-पिवळ्या, पेल्याच्या आकाराच्या फुलांचे मोहक चित्र असते आणि कंद दिसावयास थेट कांद्यासारखा असतो. त्यामुळे ज्यास कांदा पिकविता येतो त्यास हेही पीक साधेल, असा समज सहज होतो. एका होतकरू शेतकऱ्याने असेच शंभर कंद आणून कुंड्यांत लावले. कंद उगवले, पाने आली; परंतु कळी पानांच्या बेचक्यातच सुकून गेली. खत कमी पडले असावे म्हणून त्याने युरिया दिला, पाणी वाढविले आणि राहिलेले कंदही कुजविले. वस्तुतः दोष खताचा नव्हता वा पाण्याचाही नव्हता. त्या कंदांनी हिवाळा पाहिलाच नव्हता.

ट्यूलिप ही मूळची मध्य आशियातील पामीर व तियानशान पर्वतांच्या प्रदेशातील वनस्पती होय. तेथे उन्हाळा कोरडा असतो व हिवाळ्यात जमीन कित्येक आठवडे बर्फाखाली राहते. तुर्कस्तानातून सोळाव्या शतकात ती युरोपात गेली. हॉलंडमधील लायडन येथील वनस्पतिउद्यानात कॅरोलस क्लूसियस याने १५९३ साली तिचे कंद लावले व पुढील वसंतात ते फुलले. देश बदलले, तरी त्या डोंगरातील ऋतुचक्र कंदाने सोडले नाही. आपल्या देशात श्रीनगर येथे झबरवान डोंगराच्या पायथ्याशी ट्यूलिपची बाग बहरते, ती तेथील हिवाळ्यामुळेच.

बाजारात येणाऱ्या मोठ्या कंदात फूल अगोदरच तयार असते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. उन्हाळ्यात कंद कोरडा पडून असताना त्याच्या पोटात पाने, पाकळ्या व केसर यांची घडण पुरी होते. एखादा कंद उभा चिरून पाहावा, म्हणजे मधोमध हे इवलेसे फूल दिसते. मात्र ते वर येण्यासाठी दांडा लांबला पाहिजे, आणि दांड्यास लांबण्याची शक्ती येते ती सतत थंडी मिळाल्यावरच. या काळात कंदातील पिष्टाची हळूहळू साखर होते व वाढीस लागणारी द्रव्ये सिद्ध होतात. याकरिता सुमारे ५ ते ९ अंश सेल्सिअस तपमान लागते, व तेही जातीप्रमाणे १२ ते १६ आठवडे. थंडी अपुरी मिळाल्यास दांडा आखूड राहतो, फूल जमिनीलगत कसेबसे उमलते किंवा कळीच जळते.

निफाडकडे कडाक्याची थंडी पडते, तेव्हा तेथे ट्यूलिप का होऊ नये, असे कोणी विचारील. निफाडास एखाद्या रात्री पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो, हे खरे. पण दुपारी तो पुन्हा चढतो आणि अशी थंडी फार दिवस टिकत नाही. गव्हास ती पुरते. या कंदास पुरत नाही. सबब आपल्याकडे हा हिवाळा घरातील फ्रीजमध्येच करावा लागतो.

कंद घेताना तो थंडी दिलेला आहे किंवा नाही, हे विक्रेत्यास प्रथम विचारावे. कंद टणक, वजनदार व निदान १२ सेंटिमीटर घेराचा असावा. दाबून मऊ लागणारा किंवा आंबूस वास येणारा घेऊ नये. थंडी न दिलेले कंद ऑक्टोबरच्या आरंभी कागदाच्या किंवा जाळीच्या पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात मुळीच ठेवू नयेत. तेथे ते गोठून मरतात. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत त्यांना बुरशी लागते.

येथे एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी. आंब्याच्या आढीत एक फळ पिकले की शेजारची फळेही लवकर पिकतात, हे आपण जाणतोच. पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू त्यास कारण होय. हाच वायू ट्यूलिपच्या कंदातील कोवळ्या फुलाचा नाश करतो. बाहेरून कंद धडधाकट दिसतो. झालेली हानी कळते ती तीन महिन्यांनी, कळी सुकल्यावर. म्हणून ज्या फ्रीजमध्ये सफरचंद, केळी, चिकू किंवा पिकलेले टोमॅटो ठेवले जातात, त्यात कंद ठेवू नयेत. कुजका कंदही हा वायू सोडतो. म्हणून दर आठवड्यास पिशवी उघडून पाहावी व बिघडलेला कंद तात्काळ काढून टाकावा.

सुमारे दहा आठवडे झाल्यावर कंद कुंडीत लावावेत. पोयटा, चांगले कुजलेले कंपोस्ट व जाड वाळू समभाग घ्यावी. ताजे शेण वर्ज्य करावे. १५ सेंटिमीटर तोंडाच्या उथळ कुंडीत पाच कंद बसतात. कंदाची एक बाजू चपटी असते. ती कुंडीच्या काठाकडे ठेवल्यास पहिले मोठे पान बाहेरच्या अंगास झुकते व कुंडी शोभिवंत दिसते. कंदाचे टोक मातीच्या पातळीशी ठेवून पाणी द्यावे व जादा पाणी पूर्ण निथळल्यावर कुंडी पुन्हा तीन-चार आठवडे फ्रीजमध्ये ठेवावी. आपल्या उबदार मातीत मुळे नीट धरत नाहीत, थंड मातीत ती भराभर फुटतात. यास्तव हा दुसरा मुक्काम टाळू नये.

भोकातून पांढरी मुळे दिसू लागली व बोटाच्या पेराएवढा कोंब आला की कुंडी बाहेर काढावी. ही वेळ जानेवारीच्या पूर्वार्धात येते व ती आपल्याकडील गारव्याशी जुळते. पहिले चार-पाच दिवस मंद उजेडात, नंतर पूर्वेकडील खिडकीत ठेवावी. माती ओलसर राहील इतकेच पाणी द्यावे. खत लागत नाही. शिदोरी कंदातच असते. पानांवर मावा आढळल्यास ओल्या कापडाने पुसून घ्यावा. सुमारे तीन आठवड्यांत फूल उमलते. ते दिवसाच्या उबेत उघडते व रात्री मिटते. त्यास रोग समजू नये. खोली गार असल्यास फूल आठवडाभर टिकते, उकाड्यात चार दिवसांत गळते. रात्री कुंडी अंगणात ठेवल्यास आयुष्य थोडे वाढते.

फूल गेल्यावर पुढे काय, हा प्रश्न खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मूळ कंद फुलानंतर संपतो व त्याच्या जागी पिल्ले धरतात. ती पोसण्यास हिरवी पाने गार हवेत कित्येक आठवडे टिकावी लागतात. आपल्याकडे फेब्रुवारी सरताच ऊन तापते, पाने वाळतात व पिल्ले बारीक राहतात. त्यांना पुढील वर्षी फूल येत नाही. म्हणजे दरवर्षी नवे कंद विकत घेणे आले. निशिगंध एकदा लावला म्हणजे दोन-तीन वर्षे फुले देतो व कंदही वाढवितो; ट्यूलिपचा हिशेब तसा नाही. हौसेने दहा-वीस कंद जरूर लावावेत. परंतु शीतगृह व शहरची बाजारपेठ हाताशी नसताना ‘एकदा लावा, वर्षानुवर्षे फुले घ्या’ अशा बोलीवर कोणी गुंठाभर लावण करू पाहत असेल, तर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यास पैसे देण्यापूर्वीच थांबवावे.

कंद हाताळताना काहींच्या बोटांस खाज सुटते. पुष्कळ कंद लावावयाचे असल्यास हातमोजे घालावेत. हे कंद खाण्याचे नाहीत. फ्रीजमधील पिशवीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे, नाहीतर घाईच्या वेळी ते कांद्याबरोबर चिरले जावयाचे. ते मुलांच्या व कुत्र्या-मांजरांच्या हाती-तोंडी लागू देऊ नयेत, आणि निकामी कंद गव्हाणीत न टाकता कंपोस्टच्या खड्ड्यात खोल पुरावेत.