एका मोटारीला एक धनी

जपानी मोटारींचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा कानबान आणि कायझेनपाशी, म्हणजे कारखान्यातच, थांबते. मला वर्षानुवर्षं कुतूहल आहे ते त्याआधीच्या टप्प्याचं. मनातली गाडी कारखान्याच्या दारापर्यंत पोचते कशी?

हार्वर्डच्या किम क्लार्क आणि ताकाहिरो फुजिमोतो यांनी १९८०च्या दशकात जपान, अमेरिका आणि युरोपातल्या २० कंपन्यांचे २९ प्रकल्प तपासले. गाड्यांच्या आकार-प्रकारातला फरक हिशेबात धरूनही नवी गाडी आणायला जपान्यांना सरासरी ४६ महिने लागत, युरोपीयांना ५७, अमेरिकनांना ६०. इंजिनिअरांचे तास जपानात १७ लाख, अमेरिकेत ३१ लाख.

सगळ्यांत बोलका फरक डायचा. पत्र्याला दाराचा, बॉनेटचा आकार देणाऱ्या या डाय जपानात १४ महिन्यांत तयार होत, अमेरिकेत २५. अमेरिकेत ड्रॉइंग पक्कं होईपर्यंत डायचं काम खोळंबायचं. जपानात डायवाल्यांचं बॉडी डिझायनरांशी बोलणं सतत चालू असे. गाडी साधारण केवढी, पत्रे किती, एवढं कळलं की ते पोलादाचे ठोकळे मागवून रफ कटिंग सुरू करत. आकार अजून बदलणार हे धरूनच ठोकळ्यावर थोडा जादा माल राखत.

अर्धवट माहितीवर असं पुढे जायचं, तर सगळ्या गाडीची जबाबदारी अंगावर घेणारा कोणीतरी हवा. टोयोटात तो ‘शुसा’. पहिले शुसा केन्या नाकामुरा, १९५५च्या क्राउनचे. मी रमलो ते त्यांचे सहायक तात्सुओ हासेगावा यांच्यात. हासेगावा मुळात विमानवाले. युद्धकाळात ताचिकावा कंपनीत उंचावरून लढणाऱ्या की-९४ विमानाचे ते मुख्य डिझायनर होते. ते उडण्याआधीच युद्ध संपलं, पुढे जपानला विमानं बनवायलाच बंदी आली आणि हासेगावा टोयोटात आले. अख्ख्या विमानामागे एक मुख्य डिझायनर, ही विमान कंपन्यांतली रीत मोटारीत रुजली, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

त्यांची १९६१ची पब्लिका स्वस्त आणि काटक होती. पण हीटर, रेडिओ काढून टाकलेली अशी कोरडी गाडी लोकांना फारशी भावली नाही. त्यातून त्यांचं सूत्र तयार झालं: प्रत्येक बाबतीत ८० गुण हवेतच, शिवाय काही बाबतींत ९०च्या वर. १९६६ची कोरोला याच सूत्रावर उभी राहिली. ऐन वेळी तिचं इंजिन १००० सीसीवरून १०७७चं झालं, निसानच्या सनीपेक्षा सरस ठरावं म्हणून.

‘जपानी माणूसच कष्टाळू’ हा खुलासा मला आळशी वाटतो. क्लार्क-फुजिमोतोंच्या पाहणीत खुद्द जपानी कंपन्याही एका माळेचे मणी नव्हते. खंबीर प्रकल्पप्रमुख असलेल्या कंपन्या पुढे होत्या. डेट्रॉइटच्या क्रायस्लरने १९९०च्या सुमारास खात्यांच्या भिंती पाडल्या, एकेका गाडीसाठी स्वतंत्र टीम बसवली आणि १९९४ साली निऑन बाजारात आणली. तिला ३१ महिने लागले, आणि ती अमेरिकन इंजिनिअरांनीच केली.