टोकावड्यात बदकं-कबुतरं मारण्यासाठी स्वस्तातली सेमी-ऑटोमॅटिक बंदूक घेता येते का?

भातकापणी उरकली की टोकावड्याच्या आसपासच्या खाचरांवर होल्यांचे थवे उतरायला लागतात. थंडी पडली की बारवी, भातसा, तानसा या धरणांच्या पाण्यावर बदकं दिसू लागतात. आणि याच दिवसांत मोबाइलवर रील्स फिरतात. परदेशातला एखादा शिकारी पाणथळ जागेत दबा धरून बसलेला असतो. बदकं वरून जातात, लागोपाठ तीन बार होतात आणि दोन पक्षी खाली पडतात. मग बंदुकीचं नाव आणि किंमत सांगितली जाते. दुनळीपेक्षा हलकी, झटका कमी आणि खिशाला परवडणारी, असं तिचं वर्णन असतं.

साहजिकच प्रश्न पडतो, अशी बंदूक आपल्याकडे मिळेल का? मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. इथे रानडुकरं भात खातात आणि घरात आजोबांच्या शिकारीच्या गोष्टीही असतात.

थोडक्यात उत्तर असं, की किंमत विचारण्याआधीच कायदा तीन ठिकाणी अडवतो. एक बंदुकीच्या प्रकारावर, दुसरं जागेवर आणि तिसरं पक्ष्यावर.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे नेमकं काय?

रील्समध्ये दिसते ती छर्ऱ्यांची बंदूक, म्हणजे शॉटगन. तिच्या काडतुसात एक गोळी नसते, बारीक छर्रे असतात आणि ते हवेत पसरत जातात. म्हणून उडत्या पक्ष्यावर ती वापरली जाते. 'बारा बोअर' हे नावही जुन्या मापावरून आलं. नळीच्या तोंडाएवढ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं, की ती नळी बारा बोअरची. तिचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर असतो.

एकनळी किंवा दुनळी बंदूक उघडून काडतूस हातानं भरावं लागतं. पंप-अ‍ॅक्शनमध्ये पुढची मूठ मागे-पुढे सरकवावी लागते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम बंदूक स्वतः करते. काही बंदुका बार झाल्यावर तयार होणाऱ्या वायूच्या दाबावर चालतात, तर काही मागे बसणाऱ्या झटक्यावर. रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवीन आत येतं. मात्र प्रत्येक बारासाठी घोडा पुन्हा दाबावाच लागतो. म्हणून ती 'अर्ध'स्वयंचलित.

मग ती भारतात परवान्यावर मिळते का?

सर्वसाधारण परवान्यावर नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांमध्ये शस्त्रांचे गट केलेले आहेत. साध्या एकनळी-दुनळी बंदुका ज्या गटात येतात, त्यांचा परवाना जिल्हा पातळीवर मिळतो. ठाणे ग्रामीणसाठी हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. अर्धस्वयंचलित लांब बंदुका आणि २० इंचांपेक्षा आखूड नळीच्या छर्ऱ्यांच्या बंदुका मात्र निर्बंधित गटात मोडतात. त्यांचा विषय थेट केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. 'शेतावर पक्षी मारायचे आहेत' एवढ्या कारणावर ही परवानगी मिळेल, अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही.

त्यामुळे 'स्वस्तात आणून देतो' असं कुणी सांगत असेल, तर तो सौदा नसून गुन्हा आहे. विनापरवाना बंदूक जवळ बाळगण्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैदेची तरतूद आहे. जंगलात सर्रास दिसणारी विनापरवाना ठासणीची बंदूकही याला अपवाद नाही.

परवान्यावर काय मिळू शकतं?

किमान २० इंच नळीची साधी छर्ऱ्यांची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मिळू शकते. पीकसंरक्षणासाठी कायदा आधी ठासणीच्या बंदुकीचा विचार करतो. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तरच दुसरी छर्ऱ्यांची बंदूक मंजूर होऊ शकते. अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. पोलिसांची पडताळणी होते, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. परवाना पाच वर्षांचा असतो आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात.

या भागासाठी आणखी एक अट महत्त्वाची आहे. शहापूरला तानसा अभयारण्य आहे. भीमाशंकर अभयारण्याचा काही भाग मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या बाजूला येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र परवाना द्यायचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. या पट्ट्यात राहणाऱ्या जुन्या परवानाधारकांनाही आपली नोंद करावी लागते. आपलं गाव या १० किलोमीटरमध्ये येतं का, हे अर्ज भरण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात विचारून घेतलेलं बरं.

बंदूक कायदेशीर असेल, तर बदक मारता येतं का?

नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो.

आजोबांच्या गोष्टी खोट्या नसतात. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावरही काही प्रजातींच्या शिकारीसाठी परवाने देण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती बंद केली. आज हौसेसाठी शिकारीचा परवाना मिळतच नाही.

हळदी-कुंकू बदक, अडई, थापट्या, हिवाळ्यात येणारा चक्रवाक हे सगळे संरक्षित पक्षी आहेत. कायद्यातली शिकारीची व्याख्याही मोठी आहे. मारणं, जखमी करणं, फासे लावणं, पकडणं आणि यातला कुठलाही प्रयत्न म्हणजे शिकार. पक्ष्याची अंडी किंवा घरटं बिघडवलं तरी तो गुन्हाच. म्हणजे नेम चुकला म्हणून सुटका नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मोरासारख्या परिशिष्ट १ मधल्या प्रजातीसाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. बंदूक आणि गाडीही जप्त होते.

कबुतर तर चालतं ना?

हा समज जुन्या यादीतून आला आहे. कायद्याच्या पूर्वीच्या परिशिष्ट ४ मध्ये कबुतरांच्या कुळाला संरक्षण देताना पारवा, म्हणजे इमारतींवर दिसणारं निळसर करडं कबुतर, तेवढं वगळलं होतं. होले आणि हरियाल त्या सवलतीत कधीच नव्हते. हरियाल तर महाराष्ट्राचा राज्यपक्षी, आणि तोही कबुतराच्याच कुळातला. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कायद्याची परिशिष्टं नव्यानं लागू झाली आहेत. त्यामुळे जुन्या अपवादाच्या भरवशावर कुणी राहू नये.

आणि एअरगन, गलोल?

२० ज्यूलपर्यंत ताकदीची आणि ०.१७७ इंचापर्यंत नळीची एअरगन शस्त्र परवान्याशिवाय विकत घेता येते, दुकानात ओळखपत्र द्यावं लागतं. पण ही सूट फक्त वस्तू बाळगण्यापुरती आहे. तिनं होला पाडला, तर वन्यजीव कायद्यानुसार ती शिकारच. गलोलीलाही हेच लागू होतं. अरुणाचल प्रदेशात पक्ष्यांची शिकार थांबवण्यासाठी मार्च २०२१ मध्ये एअरगन सरकारजमा करण्याचं अभियानच सुरू झालं आणि गावोगावच्या लोकांनी आपणहून एअरगन दिल्या.

मग परदेशात ते कसं चालतं?

तिथेही मोकळं रान नाही. अमेरिकेत बदकं टिपायला हंगाम ठरलेला असतो आणि किती पक्षी मारायचे याची मर्यादाही असते. बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं चालत नाहीत. पाणथळ जागा विषारी होतात म्हणून बदकांसाठी शिशाचे छर्रे तिथे १९९१ पासून बंद आहेत. ब्रिटनमध्ये पिकांचं नुकसान करणाऱ्या रानकबुतरांना मारायला अटींसह परवानगी असते. तीस सेकंदांच्या रीलमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

पिकाचं नुकसान होतंय, त्याचं काय?

हा खरा प्रश्न आहे आणि त्याला कायदेशीर वाट आहे. नुकसान दिसताच वन विभागाकडे अर्ज करून पंचनामा मागता येतो, राज्य सरकारची भरपाईची योजना आहे. उभ्या पिकाला सतत त्रास देणाऱ्या प्राण्याबद्दल कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती कागदावर हातात येण्याआधी बंदूक उचलणं म्हणजे शिकार.

धोका फक्त कोर्टाचा नाही. २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात गावकऱ्यांचा एक गट शिकारीला गेला होता. अंधारात रानडुक्कर समजून झाडलेली गोळी त्यांच्याच सोबत्याला लागली आणि त्याचा जीव गेला.

नेमबाजीचीच आवड असेल तर?

त्यासाठी ट्रॅप आणि स्कीट हे खेळ आहेत. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरांवर नेम धरला गेला होता. आता ११ सेंटिमीटर व्यासाची मातीसारखी ठिसूळ तबकडी हवेत फेकली जाते. तिचं नाव मात्र अजून 'क्ले पिजन'च आहे. राज्यवर्धन सिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं, ते अशाच तबकड्या फोडून. या खेळात बहुतेक जण दुनळीच वापरतात. सुरुवात करायला स्वतःची बंदूक लागत नाही, आधी मान्यताप्राप्त रायफल क्लबचं सदस्यत्व घ्यावं लागतं.

आणि ज्याला फक्त पक्ष्यांच्या मागे फिरायची ओढ आहे, त्यानं सलीम अली आठवावेत. लहानपणी त्यांनी एअरगननं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि आयुष्यभर पक्ष्यांचेच झाले. आज तोच प्रश्न विचारायला पक्षी पाडावा लागत नाही. दुर्बीण पुरते, आणि तिला परवाना लागत नाही.