समाजमाध्यमांची रचना व लोकशाही चर्चा

समाजमाध्यमांची रचना व लोकशाही चर्चा : फेसबुक, यूट्यूब, एक्स (पूर्वीचे ट्विटर), व्हॉट्सॲप इ. समाजमाध्यमांवरील मजकुराचा क्रम, त्याच्या प्रसाराचा वेग व प्रतिसादाची साधने ज्या तांत्रिक योजनेने ठरतात, तिला त्या माध्यमाची रचना म्हणतात. वृत्तपत्रात पहिल्या पानावर काय यावे, हे संपादक ठरवितो व त्याबद्दल तो कायद्याने जबाबदार असतो. समाजमाध्यमांत हे कार्य बव्हंशी अल्गोरिदम म्हणजे संगणकीय निवडपद्धती करते. ती मजकूर लिहीत नाही. पण कोणाचे म्हणणे किती लोकांपर्यंत पोहोचावे, हे ठरविते.

क्रमवारी : फेसबुकचे ‘लाइक’ व ट्विटरचे ‘रीट्वीट’ ही बटणे २००९ मध्ये आली. त्यांमुळे प्रतिसाद मोजता येऊ लागला आणि त्याच्या आधारे मजकुराची क्रमवारी लावणे सुकर झाले. जाहिराती हे उत्पन्नाचे मुख्य साधन असल्याने वापरकर्ता अधिक काळ खिळून राहावा, अशी योजना करण्याकडे कंपन्यांचा कल असतो. २०१८ मध्ये फेसबुकने टिप्पण्या व परस्परसंवाद वाढविणाऱ्या मजकुरास अग्रक्रम दिला. त्यामुळे संतापजनक मजकुरास वाव मिळतो, असा इशारा कंपनीतीलच संशोधकांनी दिल्याचे २०२१ मध्ये उघड झालेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून दिसले. तथापि अमेरिकेतील २०२० च्या निवडणुकीच्या काळात केलेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ कालानुक्रमे मजकूर दाखविल्याने तीन महिन्यांत वापरकर्त्यांच्या राजकीय मतांत लक्षणीय बदल आढळला नाही. सारांश, रचनेचा परिणाम एकाच कारणाने उलगडत नाही.

प्रसाराचा वेग : १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची हत्या केली. देशात अन्यत्रही अशा घटना घडल्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घालण्यास प्रारंभ केला. २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. या मर्यादेने कोणत्याही मताला बंदी केली नाही. केवळ प्रसार मंदावला. मात्र हा निर्णय विधिमंडळाचा नव्हे, तर एका खाजगी कंपनीचा होता.

नियमन : प्रारंभीचे कायदे रचनेऐवजी मजकुराकडे पाहणारे होते. अमेरिकेतील १९९६ च्या कायद्याच्या कलम २३० ने वापरकर्त्यांच्या मजकुराच्या दायित्वातून माध्यमांना व्यापक संरक्षण दिले. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ ने असे संरक्षण काही अटींवर दिले. याच अधिनियमाचे आक्षेपार्ह संदेशांविषयीचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले. शासनाच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा आहे किंवा नाही, हे शासनाच्याच तथ्यतपासणी कक्षाने ठरविण्याची २०२३ ची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये अवैध ठरविली.

याउलट यूरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा अधिनियमाने रचनेवरच लक्ष केंद्रित केले. संघात महिन्याला सरासरी ४.५ कोटी वा अधिक वापरकर्ते असलेल्या माध्यमांनी निवडणुका व सार्वजनिक चर्चा यांना आपल्या रचनेमुळे संभवणाऱ्या धोक्यांचे मूल्यमापन करावे, निवडपद्धतीचे मुख्य निकष सांगावे आणि व्यक्तिगत माहितीवर न बेतलेला एक तरी पर्याय द्यावा, असे बंधन त्यात आहे. भंगाबद्दल जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

मजकुराचे नियमन करताना सत्य काय हे ठरविण्याचा अधिकार शासनाकडे जाण्याचा धोका असतो. रचना अनियंत्रित ठेवल्यास चर्चेचे नियम कंपन्याच ठरवितात. रचनेचे नियम जाहीर असणे, स्वतंत्र संशोधकांना त्यांची तपासणी करता येणे आणि त्यांविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणे, हा या दोहोंमधील मार्ग होय.