भूल उतरण्याआधीची गोळी

आष्टी-कारंजाकडचा शेतकरी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या नाहीतर सावंगीच्या दवाखान्यात येतो. ऑपरेशन लहान आणि तब्येत ठणठणीत असली की हल्ली त्याच दिवशी सुट्टी मिळू शकते. निघताना माणूस खुशीत असतो, कारण जखमेभोवती टोचलेली भूल अजून उतरलेली नसते. ठणका लागतो तो रात्री, गावात, मेडिकलचं शटर पडल्यावर.

दुखणं अंगावर काढायची आपली सवय इथे नडते. ‘दुखेल तेव्हा घेऊ’ म्हणून गोळी तशीच राहते आणि एकदा ठणका भडकला की साध्या गोळीला जुमानत नाही. जखमेत दिलेली ब्युपिव्हाकेनची भूल साधारण चार ते आठ तास टिकते. ती उतरायच्या आत पॅरासिटामॉल पोटात गेलेली बरी. मग पहिले दोन-तीन दिवस, दुखो न दुखो, ठरलेल्या वेळी. भूल नस बधिर करते, आयब्युप्रोफेनसारखी गोळी जखमेतली सूज कमी करते, पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदू-मज्जारज्जूत काम करतं. तिघांनी मिळून भार उचलला की ट्रॅमाडॉलसारख्या कडक गोळीची गरज बहुतेकांना पडत नाही, पडली तरी एक-दोन दिवस.

ट्रॅमाडॉल अफूच्या गोतातलं. 2018 पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. सवयीचा धोका आहेच, पण हर्नियावाल्याला आधी गाठते ती बद्धकोष्ठता. कुंथलं की ताण थेट टाक्यांवर. अमेरिकेत ऑपरेशननंतर उरलेल्या अशाच गोळ्यांनी घराघरात व्यसन शिरलं. आपल्याकडे उलटंच झालं. 1985च्या याच कायद्याच्या धाकाने कॅन्सरच्या रुग्णालाही मॉर्फिन मिळेना; 2014च्या दुरुस्तीनंतर नियम सैल झाले. ज्याला खरंच लागतं त्याला असं औषध मिळावं आणि हर्नियावाल्याला त्याशिवाय भागावं, हेच शहाणपणाचं.

साध्या गोळ्याही निरुपद्रवी नाहीत. मेडिकलमधल्या ‘दुखण्याच्या’ बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. वरून 650 मिलिग्रॅमची वेगळी घेतली तर मात्रा नकळत वाढते. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला चार ग्रॅमच्या वर चालत नाही, दारू पिणाऱ्याला त्याहून कमी. किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल, किंवा वर्ध्याच्या मे महिन्यात अंगातलं पाणी आटलं असेल, तर सूज उतरवणारी गोळी विचारल्याशिवाय नको.

सुट्टी घेताना पहिली गोळी किती वाजता घ्यायची ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि ती गोळी एसटीत बसण्याआधीच विकत घ्या.