मोटर भरण्याआधी जळालेली कॉइल वाचायला शिका

रिवाइंडिंगचं दुकान टाकलंय, किंवा टाकायचा विचार आहे? मग आज एकच मुद्दा नीट समजून घ्या. गिऱ्हाईक तुमच्याकडे तांब्याची तार घ्यायला येत नाही, मोटर पुन्हा जळू नये म्हणून येतं. भरलेली मोटर महिन्याभरात परत आली, तर चूक कुणाचीही असो, नाव तुमचंच खराब होतं.

म्हणून कॉइल कापायच्या आधी पाच मिनिटं तिच्याकडे बघा. थ्री फेज मोटर का जळाली, ते बऱ्याचदा तीच सांगते.

१. काही कॉइल काळ्या, काही चकचकीत: एक फेज गेला होता. स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइल जळतात, डेल्टात एकाच फेजच्या. स्टार्टर, फ्यूज, केबलचे जोड तपासा. सिंगल फेज प्रिव्हेंटर बायपास केलाय का, तेही विचारा.

२. सगळ्या कॉइल सारख्याच काळ्या: ओव्हरलोड, कमी व्होल्टेज किंवा जाम झालेला पंप. ओव्हरलोड रिले नेमप्लेटवरच्या अँपिअरपेक्षा वर लावलाय का, ते बघा.

३. एकाच जागी डाग, बाकी वाइंडिंग ठीक: तिथलं इन्सुलेशन फुटलंय किंवा ओलावा शिरलाय.

४. रोटर स्टेटरला घासल्याच्या खुणा: बेअरिंग गेलंय. ते न बदलता नुसत्या कॉइल भरल्या, तर मोटर परत येणारच.

आता कापा. पण वेढे, तारेचा गेज, पिच आणि जोडणी वहीत लिहूनच. वेढे कमी पडले की मोटर जास्त करंट ओढते, तार बारीक घातली की तापते. तापमान दर १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं. जुनी कॉइल काढायला स्टेटर आगीत टाकू नका; पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं आणि मोटर बिनलोडचीही गरम होते.

शेवटची गोष्ट धंद्याची. बिलावर तीन ओळी लिहा: जळण्याचं कारण, मेगरचं रीडिंग, तिन्ही फेजचा करंट. वॉरंटीचा वाद तिथेच मिटतो. शिवाय रिले, बेअरिंग, केबलचं कामही तुमच्याकडेच येतं.

आज दुकानात येणाऱ्या पहिल्या मोटरपासूनच सुरुवात करा!